टाकीत फक्त साधं पाणी

वाफेवर घर साफ करायचं मशीन घ्यायला माणूस दुकानात जातो तेव्हा सोबत कुणी जाणतं नेतो, नाहीतर शेजाऱ्याचा सल्ला तरी नेतो. बॉयलरकाका गेले ते बायकोचा छोटा आरसा आणि एक धुतलेला पांढरा रुमाल खिशात घालून. सल्ल्याचा प्रश्नच नव्हता. कापड रंगवायच्या कारखान्यात चौतीस वर्षं ज्यांनी बॉयलर सांभाळला, त्यांना वाफेबद्दल दुसरं कोण काय शिकवणार? इमारतीतली लहानथोर सगळी त्यांना बॉयलरकाकाच म्हणत, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतरही त्या नावाने त्यांची छाती दोन बोटं फुगायची.

पण सध्या छाती फुगवण्यासारखे दिवस नव्हते. काकू तीन महिन्यांपासून लेकीकडे होत्या. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराचं दार लावून घेऊन त्यांनी फरशीवर ॲसिड आणि ब्लीच एकदमच ओतलं होतं, चकाचक व्हावी म्हणून. फरशी झाली चकाचक, काकू मात्र उंबऱ्याशीच कोसळल्या. दवाखान्यातून परत आल्या, पण छाती हळवी झाली ती झालीच. ॲसिड बंद झालं, फिनेल बंद झालं, वासाचा साबणसुद्धा बंद झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं की धूळ नको आणि कसलाही उग्र वास नको. मग घर स्वच्छ ठेवायचं कशाने? काका ओल्या फडक्याने पुसायचे, म्हणजे या कोपऱ्यातली घाण त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचे. गादीत धूळ बसली, टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या, न्हाणीच्या छताला बुरशी धरली. काकूंना पुन्हा धाप लागायला लागली, आणि एका सकाळी लेक गाडी घेऊन आली ती आईला घेऊनच गेली.

काकांनाही चला म्हणाली असती, पण तिच्या घरात एक खाट कशीबशी वाढवता आली होती, दुसरी मावत नव्हती. काका एकटे राहिले. रोज सकाळी चहा दोघांचाच व्हायचा, आणि दुसरा कप हातात आल्यावर चूक लक्षात यायची. पेपरात काही गमतीचं दिसलं की "अगं, ऐकलंस का" असं स्वयंपाकघराकडे बघून म्हणून व्हायचं. या वयात हे असं एकट्याने राहणं त्यांना अजिबात जमत नव्हतं, आणि ते कुणाला सांगणंही जमत नव्हतं.

मशीनचं लेकीनेच सुचवलं. पाणी इतकं तापवतं की वाफ जवळजवळ कोरडी निघते, गादीतले किडे मरतात, फटीतला मळ सुटतो आणि साबणाचा थेंब लागत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने अटही घातली. घर तसं होणार असेल तर आईला आठ दिवस आणून सोडते, पण आठ दिवसांत एकदा जरी धाप लागली तरी आई कायमची माझ्याकडे. काका बरं म्हणाले. 

तर दुकान. विक्रीला उभी असलेली मुलगी हसतमुख होती आणि तिला अजून काकांचा अंदाज आला नव्हता. तिने तीन मशीनं मांडली. पहिलं हातात धरायचं, किटलीएवढं. काकांनी ते चालू करायला लावलं, आरसा पुढे धरला, आणि आरशावरून पाण्याचे ओघळ उतरले तसं नाक मुरडलं. ही वाफ नव्हे, हे थुंकणं आहे, असं त्यांनी जाहीर केलं. ही ओली वाफ गादीत मारली की गादी आतून भिजणार आणि चार दिवसांत आंबणार, हे त्यांनी तिला इतक्या प्रेमाने समजावलं की पलीकडे तेच मशीन घ्यायला आलेलं जोडपं मुकाट्याने पंख्यांच्या रांगेकडे गेलं.

दुसरं मशीन मोठं, चाकांचं, रुबाबदार. त्यात दोन टाक्या होत्या. एकीतलं गार पाणी पंपाने आपोआप दुसरीत जायचं, त्यामुळे मध्ये थांबायची गरज नाही. वाफ चांगली होती. आरशावर धुकं आलं आणि बघता बघता उडून गेलं. रुमालावर धरली तर रुमाल गरम झाला पण पिळण्याइतका ओला झाला नाही. काकांनी मान डोलावली, मग मशीन बंद करून जरा कलंडवलं आणि तळाकडे बराच वेळ बघत राहिले. मुलीने विचारलं की काय शोधताय. पाणी काढायचं तोंड कुठे आहे, असं काका म्हणाले. तसं काही या मॉडेलला नव्हतं. झालं, संपलं. ज्याच्या तळाला तोंड नाही ते सगळी घाण पोटात साठवून ठेवतं, असा बॉयलर त्यांनी एक दिवस चालवला नसता.

तिसरं मधल्या आकाराचं होतं, दिसायला साधंच. एकच टाकी, तापायला आठ-नऊ मिनिटं, आत प्रेशर असेपर्यंत झाकण उघडणारच नाही अशी सोय, आणि तळाला चक्क एक पितळी बूच. ते बूच बघून काका असे खूश झाले की जणू जुना सहकारी भेटला. मुलगी म्हणाली, सहा वर्षांत या बुचाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मग तिने पावती करताना एक गोष्ट दोनदा सांगितली, आणि तीच गोष्ट डब्यातल्या पुस्तिकेतही ठळक अक्षरांत होती. टाकीत फक्त साधं पाणी घालायचं, दुसरं काहीही नाही. काका हो हो म्हणाले.

पुढचे चार दिवस काकांनी घराला घाम फोडला. ब्रशाने टाइल्सच्या फटी, चपट्या तोंडाने खिडक्यांच्या खोबणी, कापड गुंडाळून फरशी, आणि गादी तर दोन्ही बाजूंनी हातभर हातभर करत. ओट्यामागचा तेलाचा थर विरघळून खाली आला तेव्हा ते एकटेच "वा" म्हणाले. न्हाणीच्या छताची बुरशी गेली. घराला कसलाच वास उरला नाही, आणि हेच तर हवं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मशीन गार झाल्यावर त्यांनी झाकण उघडून बॅटरीने आत पाहिलं. तळाला पांढरट पापुद्रा धरला होता. नवल काहीच नव्हतं, नळाचं पाणी जड होतं, घरातल्या किटलीचं बूडही पांढरं फटक होतं. पुस्तिकेत त्यावर उपाय होता. काही दिवसांनी बूच काढून पाणी सोडा, खळबळून धुवा, बस. पण बॉयलरवाल्याला आतला पांढरा थर म्हणजे काय दिसतो हे बॉयलरवाल्यालाच कळतं. आज पापुद्रा, उद्या थर, परवा नळी बंद, आणि मशीन बंद पडलं की धूळ परत, धाप परत, काकू परत लेकीकडे. काकांच्या डोक्यात ही सगळी साखळी एका दमात तयार झाली.

पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीत एक बाटली होती. निवृत्त होताना आपला जुना पाना आणि ही अर्धी बाटली त्यांनी आठवण म्हणून आणली होती. बॉयलरचं औषध. रोज सकाळी शिफ्ट सुरू झाली की पाण्यात मापाने घालायचं. मग थर धरत नाही, नळ्या गंजत नाहीत. चौतीस वर्षांत त्यांच्या बॉयलरने कधी दगा दिला नाही तो या औषधामुळे. पुस्तिका लिहिणाऱ्याने बॉयलरच्या पोटात कधी डोकं घातलं असेल का, असा प्रश्न काकांनी स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं. बाटली उघडून त्यांनी हुंगलीसुद्धा. काही वास नव्हता. दोन टोपणं औषध टाकीत गेलं, वर पाणी गेलं, झाकण बसलं. काकूंसाठी आपण आणखी एक काळजी मिटवली, या समाधानात ते त्या रात्री गाढ झोपले.

सकाळी लेक आईला घेऊन आली. काकूंनी दारात उभं राहून हवा हुंगली, आत आल्या, खिडकीच्या खोबणीतून बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छ निघालं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी काकांनी आणखी चार महिने फटी घासल्या असत्या. लेकीने कपड्यांची बॅग दाराशी ठेवली, छातीत ओढायचा पंप कुठल्या खणात आहे ते दोघांना दाखवलं, अटीची आठवण दिली आणि कामावर गेली.

आता काकांना राहवेना. तुला मशीन दाखवतो म्हणत त्यांनी काकूंना पलंगाजवळच्या खुर्चीत बसवलं, आरसा काढला, आणि दुकानातली सगळी हकिगत हातवारे करून सांगितली. थुंकणाऱ्या किटलीला काकू मनापासून हसल्या. मशीन तापलं तशी काकांनी गादीवर वाफ धरली.

दुसऱ्याच फेरीला काकूंना ठसका लागला. गादीत कुठेतरी धूळ राहिली असणार, असं म्हणून काकांनी तिथेच आणखी वाफ मारली. ठसका वाढला. काकांनी कोपरे घेतले. काकूंनी हात वर केला, त्यांना बोलता येत नव्हतं, आणि काका धुळीच्या मागे असे लागले होते की तो हात त्यांना उशिरा दिसला. काकू भिंतीला धरून उठल्या, दार उघडून बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या.  मशीन तसंच टाकून काका पंप घेऊन धावले.

पंपाच्या दोन ओढी झाल्या. छातीतली शिट्टी हळूहळू खाली आली. काका शेजारच्या पायरीवर बसून त्यांची पाठ चोळत होते.

"हा वास कुठून आला घरात?" काकूंनी विचारलं.

"कसला वास? वाफेला कुठे वास असतो?"

"तुमच्या कामाच्या शर्टाचा."

काकांना आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षं घरी आल्यावर त्यांनी गॅलरीतच शर्ट काढायचा आणि बाहेरच्या खिळ्याला टांगायचा, असा काकूंचा नियम होता. त्या शर्टाची बादली वेगळी होती. धुताना त्या नाकाला फडकं बांधायच्या. काका आयुष्यभर या गोष्टीची थट्टा करत आले होते. बायकोला स्वच्छतेचं वेड आहे, नवऱ्यालाही एक दिवस खिळ्याला टांगेल, असं चारचौघांत सांगून हशा मिळवत आले होते. तो मळाचा प्रश्न नव्हता, वासाचा होता. आणि तो वास त्यांना कधी आलाच नव्हता, कारण त्यांच्या नाकाला तो हवेसारखाच झाला होता. काल बाटली हुंगून, वास नाही असा निकाल देणारं नाक ते हेच.

त्यांनी सगळं सांगून टाकलं. पापुद्रा, बाटली, दोन टोपणं. कारखान्यात ती वाफ नळ्यांतून फिरायची, खोलीत सोडायची नव्हतीच, हेही आत्ता सांगताना त्यांच्या ध्यानात आलं. काकू ऐकत होत्या.

"तू कधी बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

"बोलून काय झालं असतं? नोकरी सोडली असती तुम्ही?" काकूंचा आवाज अजून घोगरा होता. "त्याच्यावर घर चाललं, पोर शिकली. शर्ट बाहेर टांगला की माझं भागत होतं."

"म्हणजे तुझी छाती माझ्यामुळेच..."

"ते मला माहीत नाही. ॲसिड मी माझ्या हाताने ओतलं होतं."

काकूंनी ते सहज म्हटलं, पण काकांना ते सहज घेता आलं नाही.  त्यांना रडू येत होतं आणि जिन्यावर रडण्याची लाज वाटत होती. मग ते उठले. घरातली सगळी दारं-खिडक्या त्यांनी उघडली. गादी एकट्याने ओढत गच्चीवर नेली. मशीन गॅलरीत आणून गार होऊ दिलं आणि तळाचं ते पितळी बूच काढलं. तळातून पाणी सोडून देणं, ज्याला कारखान्यात ब्लोडाउन म्हणत, ते काम त्यांनी हजारो वेळा केलं असेल. साधं पाणी भरायचं, तापवायचं, वाफ सोडायची, थंड करायचं, बूच काढायचं. फरक एवढाच की कारखान्यात पाणी स्वच्छ झालं की नाही ते काका ठरवायचे. इथे त्यांना काहीच कळत नव्हतं. म्हणून दर वेळी एक धुतलेलं फडकं वाफेत धरून ते जिन्यावर घेऊन जायचे.

काकू फडकं दूर धरून जपून हुंगायच्या. पहिल्याला त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्याला नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यालाही नाही. शेजारीण जिन्यावरून जाताना हे काय चाललंय म्हणून थबकली, तिला काकूंनी मशीनची तपासणी चाललीये म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. काकूंना काकांनी खुर्ची आणली, पाणी दिलं, आत ये असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणायचा आपला हक्क राहिला नाही असं त्यांना वाटत होतं.

चौथं फडकं द्यायच्या वेळी फोन वाजला. लेकीचा. काकूंनी लांबूनच हाताने खूण केली, सगळं ठीक आहे म्हणून सांगा. काकांना ती खूण स्वच्छ दिसली. ठीक आहे म्हटलं असतं तर आठ दिवसांतला पहिला दिवस निभावला असता.

"आईला धाप लागली होती," काका म्हणाले. "आता बरी आहे. मशीन चांगलं आहे. मीच टाकीत बॉयलरचं औषध घातलं होतं."

 लेक शांतपणे म्हणाली की ती सहापर्यंत येते, आईची बॅग भरून ठेवा. बॅग भरायची गरजच नव्हती. ती सकाळपासून न उघडता दाराशी उभी होती.

काकांनी फोन ठेवला आणि काकूंना निरोप जसाच्या तसा सांगितला.  काका पुन्हा गॅलरीत गेले, कारण हातातलं काम अर्धवट होतं आणि ते सोडून उभं राहायला दुसरी जागा नव्हती. पाचवं फडकं झालं. काकू म्हणाल्या, थोडा आहे अजून. साडेपाचच्या सुमाराला सहावं झालं. या वेळी खिशातला तो दुकानात नेलेला पांढरा रुमालच काकांनी वाफेत धरला होता. काकूंनी तो हुंगला, नाकाशी आणून पुन्हा हुंगला, मग चेहऱ्यावरच ठेवला आणि पूर्ण श्वास घेतला. काका त्यांच्या छातीकडे टक लावून बघत होते. ठसका लागला नाही.

"आता नुसतं पाणी आहे," काकू म्हणाल्या.

"सहापर्यंत येईल ती."

"येऊ दे. जेवूनच जा म्हणावं." काकू कठड्याला धरून उठल्या, दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. "ही बॅग पायात येतेय. आधी कपाटावर टाका. मग ओटा घ्या पुसायला, स्वयंपाक करायचाय."

काकांनी बॅग उचलली. ती कपाटावर चढवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, कारण डोळ्यांसमोरचं नीट दिसत नव्हतं. पलंगाखालची बाटली त्यांनी झाकण घट्ट करून, पिशवीत गुंडाळून घराबाहेर ठेवली, उद्या कारखान्यात परत देऊन यायची. हात कोपरापर्यंत दोनदा धुतले. मग नळाखाली भांडं भरलं आणि टाकीत ओतण्याआधी काकूंच्या समोर धरलं. काकूंनी आत बघितलं, मान डोलावली.

उघड्या खिडकीशी खुर्ची घेऊन त्या बसल्या. मशीन तापलं. काकांनी ओट्याच्या एका टोकाला वाफ धरली, हातभर जागा केली, थांबून काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. काकूंनी पुढे व्हा अशी मान हलवली, तेव्हा पुढची हातभर. असं करत ओटा पुसायला बराच वेळ लागला, आणि खाली गाडी येऊन थांबली तेव्हा शेगडीभोवतीची जागा अजून बाकी होती.